साकवाखालची म्हैस

नमस्कार, श्रोतेहो. आज भीतीबद्दल बोलायचंय आणि भीती म्हटली की मला आमचा साकव, म्हणजे व्हाळावरचा, ओढ्यावरचा छोटा पूल आठवतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. जत्रेतला दशावतार बघून पहाटे आजीबरोबर घरी निघालो होतो. तेव्हा दशावतार पेट्रोमॅक्सच्या उजेडात व्हायचा. हल्ली एवढे लाऊडस्पीकर लावतात की राक्षसाची आरोळी कानात जाते, अंगावर येत नाही. असो. पोफळीच्या बागेतून खाली उतरलो. बॅटरी मिणमिणती, आजी मागे. साकवाच्या मधोमध आलो आणि अगदी पायाखालून आवाज आला, "फुस्स!" माझे पाय थिजले. काय आहे ते कळायच्या आधी. पुन्हा सांगतो, कळायच्या आधी. बॅटरी खाली वळवली, तर व्हाळात दावं तोडून आलेली म्हैस. मान वर, कान ताठ, माझ्यासारखीच थिजलेली. मग ती पाणी उडवत जी सुटली! आजी म्हणाली, "मेल्या, तू तिका भियालस नि ती तुका!"

आजीचं बरोबर होतं. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो, अमिग्डाला. म्हशीलाही असतो. आवाजाला तिथं जायला दोन वाटा. एक आडवाट, थेट. दुसरी मेंदूच्या वरच्या थरातून, वळणाची. मेंदूचे अभ्यासक जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग करून ही आडवाट दाखवली. आडवाटेनं खबर लागताच पाय थिजतात, अॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते. 'अरे, म्हैस आहे' हे वळणाच्या वाटेनं, मागाहून येतं. मग कपाळामागचा मेंदू अमिग्डालाला आवरतो.

पण त्यानंतर महिनाभर दिवसाढवळ्याही साकवावर माझी छाती धडधडायची. आजीनं काय केलं, रोज सकाळी ताकाचा तांब्या देऊन मला पलीकडच्या घरी पाठवायला लागली. पंधरा-वीस दिवसांत धडधड थांबली. म्हणजे भीती पुसली गेली का? नाही. मेंदू 'इथं काही होत नाही' अशी नवी आठवण तयार करतो. जुनी खाली तशीच राहते. तशीच राहते, श्रोतेहो.

परवा एसटी स्टँडवर उभा होतो. गाडीनं ब्रेक सोडला, "फुस्स!" मी पिशवी टाकून दोन पावलं मागे. पिशवीत डझनभर अंडी होती.