भिंतीवरची नोटीस

न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्या ऑफिसात कॉफी मशिनच्या शेजारी एक फलक होता. तिसऱ्या दिवशी त्यावर मला एक कागद दिसला. त्यावर पदाचं नाव होतं, कामाचा पत्ता होता आणि वर्षाचा पगार होता. कुणाचं नाव नव्हतं, पण पगाराचा आकडा माझाच होता. मला संकोच वाटला. आपला पगार असा चारचौघांत कशाला? कागदाच्या तळाशी एक ओळ होती: यातलं काही खोटं असेल तर अमेरिकेच्या कामगार खात्याकडे तक्रार करता येईल. ती ओळ मी वाचलीच नाही. पुढे नोकरी बदलून मालकाच्या बाजूने हीच कागदपत्रं तयार करायला लागलो, तेव्हा कळलं की एच-१बी व्हिसावरची, म्हणजे अमेरिकन कंपनीतल्या नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावरची, बरीचशी देखरेख त्या एका ओळीवर उभी आहे. आज मी मुख्यतः तिच्याबद्दलच बोलणार आहे.

मंजूर होणाऱ्या दर दहा एच-१बी अर्जांपैकी सातेक भारतीयांचे असतात. इथे बसलेल्या अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे. ‘स्टॅम्पिंग झालं का’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही विचारला जातो. पण बीकेसीतल्या वकिलातीत पासपोर्टवर तो कागद चिकटण्याआधी काय घडतं आणि नंतर कोण लक्ष ठेवतं, हे खुद्द मुलांनाही ठाऊक नसतं.

सुरुवात होते ‘एलसीए’पासून, म्हणजे मालकाने कामगार खात्याला दिलेल्या हमीपत्रापासून. त्यात मालक लिहून देतो की त्या भागात त्या कामाला जो प्रचलित पगार आहे, किंवा आम्ही आमच्या तशाच माणसांना जो देतो, त्यातला जो जास्त असेल तो देऊ. इथल्या कामगारांच्या कामाच्या अटी बिघडवणार नाही. त्या ठिकाणी संप सुरू नाही. आणि कामाच्या जागी दोन ठिकाणी, दहा दिवस, ही नोटीस लावू. खात्याने हे सात दिवसांत मंजूर करायचं. तपासायचं काय? अर्ज पूर्ण भरलाय का आणि उघड चूक आहे का, एवढंच. हा अधिकाऱ्यांचा आळस नाही. कायद्यानेच खात्याचे हात इतके बांधलेले आहेत. खरं-खोटं पुढे कुणी तक्रार केली तर पाहायचं.

‘प्रचलित पगार’ हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं, सगळ्यांना मिळतो तो. तसं नाही. त्याच्या चार पायऱ्या आहेत. तिसरी पायरी साधारण मधल्या पगाराची, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या खाली आणि निम्मे वर. पहिली पायरी त्याच्या बरीच खाली, शंभरातल्या सतराव्या माणसाच्या आसपास. दुसरी चौतिसाव्याच्या. म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच्या मुलाला मधल्यापेक्षा कमी पगार देऊनही मालक कायदा तंतोतंत पाळत असतो. आठ वर्षं अनुभव असलेल्या माणसाला पहिल्या पायरीवर दाखवलेलं मी पाहिलं आहे. सात दिवसांच्या तपासणीत ते दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक मुलाला सांगतो, तुझ्या एलसीएवर कोणती पायरी लिहिली आहे ते आधी बघ. त्याची प्रत तुला देणं मालकाला बंधनकारक आहे. शिवाय मंजूर एलसीएंची यादी कामगार खातं दर तिमाहीला प्रसिद्ध करतं. कंपनीचं नाव टाकलं की पगार दिसतो, कोथरूडमध्ये बसूनसुद्धा.

यानंतर अर्ज जातो नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेकडे, यूएससीआयएसकडे. त्या फॉर्मवर अर्जदार कोण, तर मालक. ज्याचं आयुष्य हलणार आहे तो फक्त ‘लाभार्थी’. पिटिशन, म्हणजे हा अर्ज, मालकाची, मागे घेण्याचा हक्कही मालकाचा.

वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. मागणी जास्त, म्हणून लॉटरी. २०२३ च्या वसंतात लॉटरीसाठी ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या. त्यातल्या चार लाखांहून अधिक अशा लोकांच्या होत्या, ज्यांच्या नावावर एकापेक्षा जास्त नोंदण्या होत्या. एकाच मुलासाठी चार-पाच कन्सल्टन्सी, म्हणजे माणसं नेमून दुसऱ्या कंपन्यांकडे कामाला पाठवणाऱ्या कंपन्या, नाव घालायच्या आणि नोंदणीला फी होती फक्त दहा डॉलर. पुढच्या वर्षी नियम बदलला: चिठ्ठी कंपनीच्या नोंदणीची नाही, माणसाची निघणार. एकूण नोंदण्या एका वर्षात ४,७९,९५३ वर आल्या. एकही जादा निरीक्षक नेमावा लागला नाही. हे उदाहरण लक्षात ठेवा, शेवटी मला लागणार आहे.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे येतो. २००८ साली यूएससीआयएसने २४६ अर्ज निवडून खोलात तपासले. सुमारे २१ टक्क्यांत फसवणूक किंवा नियमभंग सापडला. काही पत्त्यांवर कंपनीच नव्हती. २००९ पासून निरीक्षक न सांगता ऑफिसात येऊ लागले. मी मालकाच्या बाजूने अशा भेटीला दोनदा सामोरा गेलो आहे. माणूस शांतपणे येतो, ओळखपत्र दाखवतो, अर्जावर सही करणाऱ्याला भेटतो आणि मग त्या मुलाला बाजूला घेतो. तू काय काम करतोस? साहेब कोण? पगार किती? शेवटची पे-स्लिप आहे का? जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमात ही पाहणी क्लायंटच्या ऑफिसातही होऊ शकते असं स्पष्ट लिहिलं आहे. सहकार्य नाकारलं तर पिटिशन रद्द होऊ शकते. हे मला योग्य वाटतं, कारण आपली बहुतेक मुलं क्लायंटकडेच बसलेली असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. त्याच दिवसांत कामगार खात्याने स्वतःहून चौकशा सुरू करण्याची मोहीम जाहीर केली. दुसऱ्या गोष्टीचं मी स्वागत करतो. पहिली देखरेखच नव्हे. फी वाढली म्हणून आत असलेल्या मुलाचा पगार कुणी तपासत नाही.

मला माहीत असलेल्या एका मुलाचं सांगा‌यचं आहे. सांगलीकडचा, हुशार. एका कन्सल्टन्सीने बोलावलं आणि गेस्ट हाउसवर ठेवलं. एका खोलीत चौघं. प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर, म्हणजे बिनपगारी. कायदा अगदी स्वच्छ आहे: काम नाही ही मालकाची अडचण, पगार सुरूच राहिला पाहिजे. अर्जाची फी आणि वकिलाचा खर्चही मालकाचाच. या मुलाकडून दोन्ही घेतले होते. मी त्याला तक्रारीचा फॉर्म दाखवला. बारा महिन्यांची मुदत आहे, सूड घेतला तर संरक्षण आहे, हे समजावलं. तो म्हणाला, “दादा, त्यांनी पिटिशन मागे घेतली तर?”

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. नोकरी गेली की अमेरिकेत जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक, नवं पिटिशन. नाहीतर घर आवरा, मुलांना शाळेतून काढा, गाडी विका. म्हणजे ज्या माणसाने तक्रार केल्याशिवाय सरकारला फारसं काही दिसणार नाही, त्याच्याच डोक्यावर ही तलवार. नोटिशीवरची ती ओळ खोटी नाही, पण ती वाचणाऱ्याला बोलायची ताकद नाही.

ऑस्ट्रेलियाने इथे वेगळी वाट धरली. तिथेही मालकाच्या व्हिसावरचे कामगार साठ दिवसांतच अडकलेले असायचे. १ जुलै २०२४ पासून मालकाला सोडलं तर एका वेळी १८० दिवस मिळतात आणि त्या काळात दुसरीकडे काम करता येतं. किमान पगाराची रेषा २०१३ पासून ५३,९०० ऑस्ट्रेलियन डॉलरवर गोठली होती, ती २०२३ मध्ये ७०,००० वर नेली. व्हिसाची भीती घालून माणसाला राबवणं हा मालकासाठी फौजदारी गुन्हा ठरवला. मघाशी लॉटरीचं सांगितलं, तसंच हे आहे. निरीक्षक वाढवण्याआधी नियमाचा सांधा बदलला. माणसाला निघून जाता आलं तर तो बोलतो, आणि तो बोलला तरच खात्याला दिसतं. अमेरिकेने साठाचे एकशेऐंशी करावेत, हे मी तिथल्या प्रत्येक बैठकीत मांडत आलो आहे.

सांगलीच्या त्या मुलाला पुढे चांगली कंपनी मिळाली. पण ट्रान्सफरच्या, म्हणजे नव्या मालकाकडे जाण्याच्या, अर्जाला अलीकडच्या पे-स्लिपा लागतात आणि बेंचच्या महिन्यांच्या त्याच्याकडे नव्हत्याच. पगार मालकाने बुडवला होता, स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, मात्र मुलाचं अडचणीत आलं. नवं पिटिशन मंजूर झालं, पण त्याला भारतात येऊन पुन्हा आत शिरावं लागलं. तीन महिने तो घरी होता. आता तो टेक्ससमध्ये आहे. बुडालेला पगार मिळाला नाही. तक्रारीचा फॉर्म त्याने भरून ठेवला होता. मुदत संपल्यावर त्याने तो मला पाठवला, आणि अजून माझ्याकडे आहे.