दोन टॉवरमधलं अंतर

(दृश्य: सपाट शिवार, क्षितिजावर एकच टॉवर.)

एका टॉवरपासून दुसरा टॉवर किती लांब धरायचा? ५जीसाठी येणारी तंत्रज्ञानं तपासताना आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, ग्रामीण चाचणीत हे अंतर १,७३२ मीटर धरत होता. भारताला हा आकडा पटला नाही. आपल्याकडे फायबर पोचते ग्रामपंचायतीपर्यंत. टॉवर उभा राहणार तिथेच, आणि वाड्यावस्त्या त्याच्यापासून दोन-तीन किलोमीटरवर. माणूस वेगात नसतो, लांब असतो. म्हणून भारताने आणखी एक चाचणी मागितली: अंतर ६,००० मीटर, वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटर. २०१७ साली ती आयटीयूच्या कसोट्यांमध्ये आली.

(दृश्य: हातातला फोन, अपलोड अडकलेला.)

दोन टॉवरमध्ये सहा किलोमीटर असले की बिघडतं काय? टॉवर दहा वॅटहून अधिक ताकदीने बोलतो, फोनला मात्र साधारण २०० मिलिवॅटवर भागवावं लागतं. म्हणून रेंजच्या दांड्या दिसतात, पण फोटो जात नाही. टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला नाही.

फोनची ताकद नुसती वाढवून चालत नाही. सिग्नलमध्ये मध्येच उंच टोकं येतात. ती कापली जाऊ नयेत म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दबकत चालवावा लागतो. टोकं सपाट केली, तर तोच अ‍ॅम्प्लिफायर अधिक जोरात चालवता येतो. त्यासाठीची रीत म्हणजे पाय-बाय-टू बीपीएसके, ही माहिती रेडिओलहरीवर चढवण्याची एक पद्धत, सोबत सिग्नलला दिलेला खास आकार. आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं. जागतिक ५जीत ही रीत ऐच्छिक होती. आणि ऐच्छिक गोष्ट फोन बनवणारे खर्चासाठी सहज गाळतात! टीएसडीएसआय या भारताच्या दूरसंचार मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती सक्तीची करून वेगळं मानक मांडलं: ५जीआय. २०२१ साली आयटीयूने ते मान्यही केलं.

(दृश्य: सभागृह, लॅपटॉपच्या रांगा.)

पण आयटीयू कसोट्या ठरवते आणि निकाल देते. मानकाचा मजकूर तिथे लिहिला जात नाही. तो लिहिला जातो थ्री-जीपीपीत. १९९८ पासूनच्या या व्यासपीठावर आज सात संस्था आहेत: युरोप, अमेरिका, चीन, कोरिया आणि भारत यांची एकेक, जपानच्या दोन. बैठकीला मात्र बहुतेक कंपन्यांचे इंजिनिअर बसतात. आधी अभ्यास अहवाल, मग कामाचा प्रस्ताव, मग मसुदा. त्यानंतर प्रत्येक बदलासाठी स्वतंत्र बदल-विनंती. निर्णय सहमतीने. अगदीच अडलं तर मतदान, आणि तेव्हा ७१ टक्के मतं लागतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रेनो शहरात चुका सुधारणाऱ्या कोडवरून अशीच जुंपली. निकाल वाटणीचा लागला: नियंत्रणाच्या संदेशांना पोलर कोड, डेटाला एलडीपीसी. ज्याचं पेटंट मानकात बसतं त्याला प्रत्येक फोनमागे पैसे मागता येतात, हे लक्षात घेतलं की रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांचं नवल वाटत नाही.

(दृश्य: जुने फोन, युरोपचा नकाशा.)

जीएसएमच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या २जी मानकाच्या वेळी भांडण सरकारांचं होतं. १९८६ च्या अखेरीस पॅरिसमध्ये आठ प्रायोगिक यंत्रणा तपासल्या गेल्या. फ्रान्स आणि जर्मनीला फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्याची पद्धत हवी होती, इतर बहुतेकांना अरुंद. मे १९८७ मध्ये बॉनमध्ये मंत्र्यांनी अरुंद पट्टा मान्य केला: २०० किलोहर्ट्‌झचा चॅनेल, त्यात आठ जणांच्या आळीपाळीच्या पाळ्या. अमेरिकेने निवड बाजारावर सोडली, तर तिथे एकाच वेळी तीन-तीन पद्धती नांदल्या. चीनने टीडी-एससीडीएमए हे स्वतःचं ३जी मानक आयटीयूकडून २००० साली मान्य करून घेतलं. परवाना निघाला २००९ मध्ये, कारण चिप आणि हँडसेट तयार होईपर्यंत वेळ गेला. ४जीत चीनने आपली पद्धत जागतिक एलटीईतच मिसळली.

(दृश्य: पुन्हा शिवार.)

५जीआयचीही अडचण तीच. वेगळी चिप, वेगळी चाचणी, त्यात बाहेरून आलेला फोन चालेल का हा प्रश्न. देशातल्या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनेच विरोध केला. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ५जीआय थ्री-जीपीपीच्या मानकाच्या १७ व्या आवृत्तीत सामावून घेण्याचं ठरलं, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात सुरू झालेली सेवा जागतिक मानकावरच आली.

फोन टॉवरला जोडला जातो तेव्हा तो आपल्या क्षमतांची यादी पाठवतो. पाय-बाय-टू बीपीएसके त्या यादीत असेल, तरच टॉवर ती वापरायला सांगतो.