पाणी कोमट का येतंय? एका जुन्या बंबाची दुरुस्ती

(दृश्य : पहाट. परसदारी न्हाणीघर, कौलांच्या फटींतून धूर.)

एवढा धूर इथे दिसायला नको. बंब सुरळीत चालत असला, की पहिल्या काटक्या धुमसून झाल्यावर डोळे चुरचुरत नाहीत. या घरातल्या आजी मात्र गेले काही महिने पदर नाकाला लावूनच आत जातात.

(दृश्य : बंब, अगदी जवळून. काळवंडलेलं तांबं, पितळी तोटी.)

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातलं हे घर आणि आजींच्या सासूबाईंच्या वेळचा हा बंब. त्याच्याबद्दल घरात तीन तक्रारी आहेत. जे पाणी अर्ध्या तासात तापायचं, त्याला आता दीड तास लागतो. तापलं तरी दुसऱ्या तांब्याला कोमटच येतं. आणि जाळावर थेंब पडून तो विझतो. मुलांनी गिझर बसवायचं ठरवलंय. भंगारवाला दोनदा येऊन तांब्याचा भाव सांगून गेलाय. बंब मोडीत घालण्याआधी तो एकदा जाणत्या तांबटाला दाखवू या, एवढीच आम्ही त्यांच्याकडे मागणी केली.

(दृश्य : अंगणात आडवा ठेवलेला बंब. मधली नळी आरपार दिसते.)

त्याची रचना आधी नीट बघून घ्या. बाहेर पाण्याचं भांडं आणि त्याच्या मधोमध आरपार गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर काटक्या, कोळसे, करवंट्या, घरात जे असेल ते. जाळ नळीतून वर चढतो आणि जाता जाता चहूबाजूंचं पाणी तापवतो. चुलीवरच्या हंड्याची बरीचशी धग बाहेरून निसटून जाते. इथे जाळच पाण्याच्या पोटात आहे. वर एका बाजूला नरसाळं, दुसऱ्या बाजूला तोटी. नरसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओतायचा, की तोटीतून तेवढंच कढत पाणी बादलीत पडतं. ओतल्याशिवाय मिळत नाही, म्हणून आंघोळी संपल्या तरी बंब भरलेलाच राहतो. ज्या कोणी हे पहिल्यांदा योजलं, त्याला आमचा मनापासून नमस्कार.

(दृश्य : पुणे, कसबा पेठ. अरुंद गल्ली, उंबऱ्यांवर रचलेली तांब्याची भांडी.)

ही तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट घराण्यांची वस्ती. आळी दिसायच्या आधी ऐकू येते.

(पंधरा सेकंद निवेदन नाही. फक्त हातोड्यांचे ठोके.)

तांबटकाकांनी बंबाला हात लावण्याआधी एकच विचारलं : थेंब पेटवल्या पेटवल्या पडतात, की पाणी तापल्यावरही?

हा प्रश्न प्रत्येक बंबवाल्या घराने स्वतःला विचारावा. पहाटे बंबातलं पाणी गार असतं. लाकडातली ओल वाफ होऊन वर निघते, गार नळीला लागते आणि तिचंच पाणी होऊन जाळावर टपकतं. लाकूड ओलं असेल तर जास्तच. पाणी जरा तापलं की हे आपोआप थांबतं. याला गळती म्हणत नाहीत, आणि याच्यापायी बंब मोडीत तर अजिबात घालू नये.

आजींच्या बंबात थेंब शेवटपर्यंत पडत होते. म्हणजे भोक होतं. कुठे?

(दृश्य : काठीने नळीतली काजळी पाडतात. काळा ढीग.)

आधी नळी साफ झाली. काठीच्या टोकाला काथ्या गुंडाळून वरखाली फिरवला आणि सुपलीभर काजळी खाली आली. धुराची तक्रार इथेच मिटली. नळी अरुंद झाली की जाळाला ओढ मिळत नाही, धूर वर जायचा सोडून तोंडाकडून बाहेर येतो.

मग बंब काठोकाठ भरला आणि नळीच्या आतल्या बाजूला खडूची भुकटी फुंकली. आता थांबायचं.

(दृश्य : टॉर्चच्या उजेडात पांढरी भुकटी. वरच्या कडेला नखाएवढा ओला डाग उमटतो, त्यातून एक रेघ खाली सरकते.)

पाहिलंत? थेंब पडायचा बुडाशी, पण भोक होतं वर. नळी जिथे बंबाच्या माथ्याला जोडली आहे, तिथे.

तिथेच का, हे समजून घ्या. नळीला पाणी लागलेलं असतं तोवर तांबं 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, जाळ कितीही असो. आंघोळी आटोपल्यावर निखारे तसेच राहतात, पाण्याची वाफ होत राहते, माथ्याकडचा भाग उघडा पडतो. दुसऱ्या दिवशी पाणी न भरताच पेटवलं, की कोरड्या राहिलेल्या जोडाला सगळी धग लागते. या बंबाला तिथे पूर्वी कुणीतरी कथील-शिशाचा डाग दिला होता, म्हणजे ते वितळवून जोड सांधला होता. तो 200 अंशांच्या आसपासच वितळतो. पेटवण्याआधी दोन तांबे ओतून तोटीतून पाणी येतंय का बघायचं. एवढ्या सवयीने हा जोड वाचला असता.

(दृश्य : जोड सोडवून नळी बाहेर काढतात. नळीवर पांढरट, खडबडीत थर.)

हे आमच्या अपेक्षेत नव्हतं. बोअरचं पाणी जड. त्यातला विरघळलेला चुना तापल्यावर घट्ट होतो आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे नळीवरच, बसत जातो. तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टीलच्या 20 पटींहून सरस. हा थर तांब्याच्या शेकडो पट मंद. जाळ आणि पाणी यांच्यामध्ये जणू भिंतच उभी राहिली होती. दीड तासाचं कारण हे.

(दृश्य : लाकडी हातोडीने हलके ठोके. खपल्या गळतात. मग चिंचेचा कोळ, आणि खालचं गुलाबी तांबं उजळतं.)

राहिली कोमट पाण्याची तक्रार. नरसाळ्याखाली एक बारीक नळी असते, ती पार बुडापर्यंत जायला हवी. गार पाणी जड, ते तळाशी सोडायचं, म्हणजे वर तरंगणारं कढत पाणी न ढवळता तोटीकडे सरकतं. इथे ती नळी झिजून बोटभर उरली होती. प्रत्येक तांब्याचं गार पाणी वरच्या कढत पाण्यातच पडत होतं. हातभर नवी नळी जोडली, तक्रार संपली.

(दृश्य : भट्टी. जोडावर टाकणखार (बोरॅक्स) आणि पितळेचा कीस. तांबं लालबुंद, पितळ एकदम पाघळून फटीत शिरतं.)

आता डाग कथलाचा नाही, पितळेचा. टाकणखार जोडावरचा मळ धरतो, पितळ पाघळतं आणि फट ते आपणच पिऊन घेतं. काकांची नजर फक्त रंगावर आहे. क्षणभर उशीर झाला तर तांबंही पाघळून बसेल.

(दृश्य : गार झालेला माथा, लोखंडी दांड्यावर. ठोक्याशेजारी ठोका.)

भट्टीतून निघालेलं तांबं मऊ पडतं, अंगठ्याने दाबलं तरी पोचेल. म्हणून हे मठारकाम. प्रत्येक ठोक्याने तांबं घट्ट होत जातं. भांड्यावरचे जे चमकते ठिपके आपण नक्षी म्हणून कौतुकाने बघतो, ते मुळात त्याला आलेलं बळ आहे. ठोका ठोक्यावर पडत नाही आणि मधे जागाही सुटत नाही. हे हात आळीत आता थोडेच उरलेत.

बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. पाणी प्यायला वापरू नका.

(दृश्य : तेच परसदार. बंब झळाळतोय. कौलांवर धूर दिसत नाही.)

चार काटक्या, दोन करवंट्या. पंचवीस मिनिटं.

(दृश्य : आजी नरसाळ्यात तांब्या ओततात. तोटीतून वाफाळतं पाणी.)

हा पहिला तांब्या.

हा दुसरा.

(दृश्य : आजी धारेखाली बोट धरतात आणि चटकन मागे घेतात. निवेदन नाही.)