पन्नास सह्यांचा वकील

(पर्वती, पहाट. पायऱ्या चढणारी माणसं.)

रोज सकाळी एवढी माणसं पर्वती चढतात. कुणी वजन उतरवायला, कुणी देवाला, कुणी नुसतं वर जाऊन पुणं बघायला. पण पुण्यातल्या एका मोठ्या सार्वजनिक कामाची सुरुवात याच देवस्थानाच्या भांडणातून झाली, हे यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

झालं असं, की पेशवाई गेली आणि पुढं पर्वती संस्थानचा कारभार पंचांकडे गेला, आणि तो धड चालत नाही अशी लोकांची कुरकुर वाढत गेली. कुरकुरीत पुणेकर कधीच मागे नव्हते म्हणा. पण कुरकुर सरकारदरबारी न्यायची कुणी आणि कुठल्या हक्कानं? इथं साताऱ्याहून आलेले एक वकील पुढं आले, गणेश वासुदेव जोशी, 1828 चा जन्म. कोर्टात वकीलपत्र दाखल केल्याशिवाय वकिलाला तोंड उघडता येत नाही, बरोबर? मला वाटतं तीच सवय त्यांनी गावाच्या कामात आणली. 2 एप्रिल 1870 ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली आणि तिची अट अशी, की ज्याला सभासद व्हायचंय त्यानं आधी पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा, म्हणजे या पन्नास जणांनी मला त्यांच्या वतीनं बोलायला सांगितलंय असा कागद. मग बोला. सुरुवातीचे सभासद 95, आणि त्यांच्या मागे सहा हजार लोक. स्वतःच्या फ्लेक्सवर स्वतःच 'लोकनेते' छापून घेणाऱ्या कुणालाही आज ही अट लावून बघा.

आणि हो, हे सगळं रानडे पुण्यात यायच्या आधीचं. रानडे आले 1871 ला, त्यांच्यामुळं सभेला धार आली हे शंभर टक्के खरं, पण पाया घालणाऱ्याचं नाव आपण विसरतो म्हणून मुद्दाम सांगतोय. लोकांनी जोशींना सार्वजनिक काका म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही.

(चरखा. हात जवळून.)

हा चरखा बघितला की आपल्याला गांधीजी आठवतात, पण 1872 मध्ये गांधीजी होते दोन-तीन वर्षांचे, आणि इकडे काका स्वतः सूत कातून खादी घालायची शपथ घेऊन बसले होते. 1877 च्या दिल्ली दरबारात राजे-महाराजे हिरे-मोत्यांनी मढून आलेले, आणि सभेच्या वतीनं गेलेला हा वकील अंगावर घरच्या सुताची खादी घालून उभा. देशी मालाची दुकानंही काढली त्यांनी. भांडणं कोर्टाबाहेर मिटावीत म्हणून लवाद कोर्ट काढलं, म्हणजे वकील असून वकिलांच्याच पोटावर पाय. पत्नी सरस्वतीबाईंनी बायकांची सभा काढली, दुष्काळात सभेनं खेड्यापाड्यांतली माहिती गोळा करून सरकारपुढं ठेवली, हे सगळं त्याच दहा वर्षांत.

(संगम पूल, नदी. मग कोठडी.)

आता आपण संगमावर आलोय. 1879 च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला, सरकारचा संशय पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांवर, रानड्यांची बदली धुळ्याला. जुलैमध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि त्यांना इथं आणून ठेवलं. राजद्रोहाचा खटला, सगळं शहर दबकून बसलेलं, फडक्यांची ओळख आहे म्हणायलाही माणूस घाबरेल असे दिवस, आणि अशा वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं काकांनी. सभा त्यांची, नाव त्यांचं, सरकारची नजर आधीच त्यांच्यावर, तरी घेतलं.

खटला हरले. जन्मठेप झाली. 1880 च्या जानेवारीत फडक्यांना एडनला नेलं आणि त्याच वर्षी 25 जुलैला काका गेले, वय 52.

फडक्यांना ठेवलं होतं ती खोली हीच. इथून पुढं मी काही बोलत नाही.

(दाराचा कडी-कोयंडा. आत भिंतीवर पडलेलं ऊन. निवेदन नाही, फक्त नदीचा आणि पुलावरच्या गाड्यांचा आवाज.)