‘किती रिश्टर?’च्या आधी विचारायचा प्रश्न

मित्रहो, कोयनेच्या खोऱ्यात भूकंपावर बोलायचं म्हणजे जाणकारांसमोर बोलायचं. इथे रात्री फळीवरची भांडी वाजली, की माणसं अंथरुणातूनच सांगतात, धक्का जवळचा होता की वारणेकडचा. सकाळी मात्र सगळीकडे एकच विचारणा असते, ‘किती रिश्टरचा होता?’ आज तुम्ही त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला लागावं, अशी माझी इच्छा आहे. पहिला हादरा आणि दुसरा हादरा यांत किती सेकंद गेले? पृथ्वीच्या पोटाबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं अशा सेकंदांच्या हिशेबातून कळलं आहे.

जमिनीखाली खडक तुटून सरकला की तिथून लाटा निघतात. सर्वांत पुढे असते ‘पी’ लाट. ती खडकाला दाबत-ताणत जाते, आणि कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर असतो. मागून येते ‘एस’. ती खडकाला प्रवासाच्या दिशेशी काटकोनात हलवते, आणि तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. धक्क्याच्या आधी जमिनीतून घरघर ऐकू येते, असं तुम्ही सांगता ना? ती पी लाट जमिनीतून हवेत शिरल्याचा आवाज. मग घर आडवं हलतं, ती एस. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण वीज किती लांब पडली ते ताडतो, तसंच इथेही करायचं. दोन लाटांमधले सेकंद मोजा आणि आठाने गुणा. आलेला आकडा म्हणजे भूकंपाचं किलोमीटरमधलं अंतर. कोयनानगरजवळच्या धक्क्यासाठी कराडला दोन लाटांमधली ही फट साधारण ६ सेकंदांची असते, पुण्याला १५-१६ सेकंदांची. खुद्द कोयनानगरात जेमतेम सेकंदभर.

हे मोजणारं यंत्र म्हणजे भूकंपमापक. त्याचं मूळ तत्त्व सोपं आहे. स्प्रिंगवर तोललेलं वजन जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतं आणि त्याच्या भोवतालची जमीन हलते. आजच्या यंत्रात ते वजन विजेच्या बळाने मध्यावरच धरून ठेवतात, आणि त्यासाठी किती बळ लागलं यावरून जमिनीची हालचाल काढतात. हालचाल तीन दिशांना मोजायची: वर-खाली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. आणि सगळ्यांत महत्त्वाचं असतं घड्याळ. ते एका सेकंदाने चुकलं, तर पी लाटेचा हिशेब ६ किलोमीटरने घसरतो. म्हणून आज प्रत्येक केंद्र उपग्रहाकडून वेळ घेतं.

आता पडद्यावरची ही नोंद पाहा. डावीकडे रेघ बारीक थरथरते आहे. तो बिघाड नाही, जमिनीचा रोजचा गोंगाट आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की तो वाढतो. सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी कुलाबा वेधशाळेत या थरथरीचा समुद्रावरच्या वादळी हवेशी असलेला संबंध अभ्यासला आणि १९३० साली प्रसिद्ध केला. मुंबईत बसून भूकंपमापकावरून समुद्राची खबर घ्यायची, हे मला आजही फार मोठं काम वाटतं. आपल्या भागात याच गोंगाटापासून दूर जाण्यासाठी सुमारे दीड किलोमीटर खोल विंधनविवरं घेऊन त्यांत भूकंपमापक सोडले आहेत. बेसॉल्टचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकात बसलेली ही यंत्रं फार लहान धक्केही टिपतात.

आता रेघेची ही पहिली टोकदार उडी, ती पी. ती वर-खाली दाखवणाऱ्या पट्टीवर ठळक दिसते. ही पुढची मोठी उडी आडव्या पट्ट्यांवर, ती एस. पीची ही पहिली उडी वर गेली की खाली, एवढंच पाहायलाही महत्त्व आहे. वर गेली तर खडक या केंद्राकडे ढकलला गेला. खाली गेली तर केंद्रापासून दूर ओढला गेला. चारी बाजूंच्या केंद्रांवरची वर-खालीची खूण नकाशावर मांडली, की जमीन कशी सरकली हे उमगतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात एक बाजू दुसरीवर चढली. दोन्ही पहाटेचे, दोन्हींची तीव्रता सहाच्या थोडी वर, पण जमिनीची हालचाल अगदी निराळी.

एका केंद्रावर मोजलेल्या सेकंदांवरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन केंद्रांभोवती वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात ती जागा. खोली काढणं मात्र खरं जिकिरीचं. त्यासाठी एखादं केंद्र भूकंपाच्या अगदी वर, शेजारी असावं लागतं. किल्लारीपासून हैदराबादचं भूकंपमापन केंद्र दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणून मुख्य धक्क्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे तात्पुरती केंद्रं नेऊन बसवली आणि मागाहून येणाऱ्या धक्क्यांवरून तुटलेल्या भागाचा अंदाज घेतला.

हेच तंत्र पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना दूरच्या नोंदींतल्या निरनिराळ्या लाटा वेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये लाटांच्या पोहोचण्याच्या वेळांवरून त्यांनी पृथ्वीला गाभा आहे, हे मांडलं. द्रवातून एस लाट जात नाही, म्हणून बाहेरचा गाभा वितळलेला असल्याचं पुढे ठरलं. गाभ्याच्या आडोशामुळे ज्या भागात पी लाट यायलाच नको, तिथे ती अंधुकपणे येत होती. इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी त्या अंधुक नोंदींना यंत्राचा दोष म्हणून बाजूला सारलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी सांगितलं, गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. सुमारे ५,१०० किलोमीटर खोलवरची ही गोष्ट, आणि पुरावा कागदावरच्या पुसट उड्यांचा.

रिश्टरविषयी थोडक्यात. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी ते माप बसवलं. एका अंकाने वाढ म्हणजे नोंदीतली उडी दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. आज मोठ्या भूकंपांसाठी किती क्षेत्रफळाचा खडक किती सरकला यावर आधारलेलं माप वापरतात. पण हा आकडा भूकंपाचा असतो, तुमच्या घराचा नाही. किल्लारीत माळवदाची जड छपरं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पी लाट आधी येते तर भोंगा वाजवता येणार नाही का? येतो. किनाऱ्यापाशी मोठा भूकंप झाला तर मेक्सिको सिटीला मिनिटभराची सूचना मिळू शकते, कारण मधे तीनशेच्या आसपास किलोमीटर असतात. कोयनेतल्या मोठ्या धक्क्याची एस लाट पुण्याला पोहोचायला ३५ सेकंद लागतील. त्यातले वीस-पंचवीस सेकंद हाती येतील. हेळवाकला, कोयनानगरला काहीच नाही. भोंग्याआधी धक्का येईल. म्हणून ताई, पुण्यासाठी भोंग्याची मागणी जरूर करा, पण इथल्या पैशातला पहिला रुपया शाळेच्या आणि घरांच्या भिंतींत त्यांना एकत्र धरून ठेवणारे आडवे पट्टे घालण्यासाठी, कोपरे बांधून काढण्यासाठी मागा.