‘ऐकू येतंय ना?’

(दृश्य : रिकामं सभागृह. रंगमंचावर फक्त कामाचे दिवे. एक पाहुणी गायिका विंगेतून येते, मधोमध उभी राहते आणि एकदाच टाळी वाजवते.)

निवेदन :
टाळी कशासाठी? अजून तर काहीच झालेलं नाही. हा रंगमंच तिच्या ओळखीचा नाही. स्पीकर नवे, सगळ्या माइकचा आवाज जुळवणाऱ्या मिक्सरवर बसलेला माणूस नवा. दोन तासांनी खुर्च्या भरतील. त्याआधी ती या सभागृहालाच विचारून घेतेय, की बाबा, तुझा स्वभाव काय?

उत्तर लगेच येतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरची भिंत 25 मीटरवर असेल, तर टाळी तिथे आपटून परत यायला जवळजवळ 150 मिलिसेकंद लागतात. कानाला ती दुसरी, वेगळी टाळी वाटते. आता टाळीच्या जागी गाणं धरा. तुमचाच आवाज मोठ्या स्पीकरमधून निघतो, भिंतीला लागतो आणि प्रत्येक शब्दामागे रेंगाळत तुमच्याकडे परत येतो. त्याच्या नादाला लागलात की लय ओढली गेलीच.

शिवाय ते मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, कलाकाराकडे त्यांची पाठ. वरच्या पट्टीतला आवाज सरळ पुढे निघून जातो, खालचा मात्र चहूकडे पसरतो. त्यामुळे रंगमंचावर उरतं ते घुमणं. शब्दांच्या कडा, व्यंजनं, सुराची धार, सगळं प्रेक्षकांच्या वाट्याला.

(दृश्य : रंगमंचाच्या पुढच्या कडेला तिरका ठेवलेला काळा स्पीकर. कॅमेरा त्याच्या जाळीवरून हळूच सरकतो.)

म्हणून हा आहे. मॉनिटर. याचं तोंड कलाकाराकडे. आज हा नसलेला रंगमंच आपल्याला अर्धवट वाटतो, पण 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स सुमारे 55 हजार लोकांसमोर वाजवायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर मॉनिटर नव्हते. लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. इतरांच्या अंगाच्या हालचाली बघून गाणं कुठवर आलंय ते ताडावं लागे, असं त्यांचा ड्रमर रिंगो स्टार यानं पुढे सांगितलंय. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या वादकांची ही गत. तर पाहुणा कलाकार बावरला यात त्याची चूक कसली?

(दृश्य : मिक्सरवर बसलेला ध्वनितंत्रज्ञ टॉकबॅकचं, म्हणजे तिथूनच रंगमंचाशी बोलायचं बटण दाबतो.)

आता तो एक प्रश्न विचारेल. जवळपास सगळेच विचारतात.

‘ऐकू येतंय ना, ताई?’

आणि ताई म्हणतील, ‘हो.’

इथेच घोळ होतो. नवख्या जागी, अनोळखी माणसाला, चार जण बघत असताना ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. आपण फार मागण्या करतोय असं वाटेल, यांचा वेळ खातोय असं वाटेल. आणि ‘ऐकू येतंय’ हे खोटंही नसतं. काहीतरी ऐकू येतच असतं.

मी स्वतः ही चूक कित्येक वर्षं केली. समोरच्यानं मान डोलावली की पुढचा चॅनल, म्हणजे पुढचा माइक. मग कार्यक्रम सुरू झाला की पहिल्याच गाण्यात त्याच पाहुण्याची नजर माझ्याकडे वळायची, आणि ती नजर काही बरी नसायची.

(दृश्य : तंत्रज्ञ मिक्सर सोडून उठतो, पायऱ्या चढून रंगमंचावर जातो, गायिकेच्या शेजारी उभा राहतो.)

हा तंत्रज्ञ मात्र उठला. त्याचं डोकं आता तिच्या डोक्याजवळ आहे. ती जे ऐकतेय ते तोही ऐकतोय. दुरून टॉकबॅकवर बोलणारा आवाज हुकूम सोडल्यासारखा वाटतो. शेजारी उभा राहिलेला माणूस बरोबरीचा वाटतो. आणि त्यानं प्रश्न बदललाय.

‘ताई, सगळ्यात आधी काय हवंय तुम्हाला? एकच सांगा.’

‘माझा आवाज.’

बस. मॉनिटरमधलं बाकी सगळं बंद, फक्त तिचा आवाज. मग ‘आता आणखी काय?’ ती म्हणते, सूर धरायला थोडी पेटी. मग तालासाठी तबला, अगदी थोडा. तिथेच थांबायचं. मागितलं नाही ते द्यायचं नाही. मॉनिटरमध्ये सगळंच थोडंथोडं सोडायचा मोह फार होतो. तसं केलं की मॉनिटरचीही गर्दी होते, आणि गर्दीत आपला आवाज शोधायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यावर येतं.

गळ्यावर म्हणजे खरोखर गळ्यावर. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञानं 1911 मध्ये हे मांडलं. आजही त्याला लोम्बार परिणामच म्हणतात. स्वतःचा आवाज पुरेसा परत येईना की गायक जोर लावतो. आपण जोर लावतोय हे त्याला कळतसुद्धा नाही. कळतं तिसऱ्या गाण्यानंतर, घसा बसायला लागला की.

(दृश्य : माइकचा क्लोजअप. गायिकेचं तोंड हळूहळू माइकपासून दूर जातं.)

आता हे बघा. हे फार सूक्ष्म आहे आणि रोज घडतं.

माइकची सवय नसलेला पाहुणा मागे सरकतो. पाच सेंटिमीटरचं अंतर दहा झालं की माइकमध्ये शिरणारा आवाज सुमारे 6 डेसिबलनं पडतो. तंत्रज्ञ ती तूट भरायला गेन वाढवतो, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच मोठा करतो. गेन वाढला की माइक मॉनिटरचाही आवाज ओढायला लागतो. तो मॉनिटरमधून बाहेर पडून पुन्हा माइकमध्ये, तिथून पुन्हा मॉनिटरमध्ये... आणि एकदम कानठळ्या बसवणारी शिट्टी. आपण म्हणतो, माइक ओरडला. पाहुणा दचकतो आणि करतो काय? आणखी मागे सरकतो.

हे चक्र तोडायला ‘माइक जवळ घ्या’ एवढं ओरडून सांगणं पुरत नाही. भीती शिट्टीची आहे, आणि जवळ गेलं तर शिट्टी वाढेल असा तिचा समज आहे. खरं तर उलट होतं. म्हणून तंत्रज्ञ ते करून दाखवतो. स्वतः माइक धरतो, दूरवरून बोलतो, मग ओठांजवळ आणून तेच वाक्य म्हणतो. जवळून आवाज भरदार होतो, खालच्या सुरांना वजन येतं, आणि शिट्टी नाही. मग माइक तिच्या हातात.

एक गोष्ट हमखास सांगावी लागते. माइकच्या जाळीभोवती मूठ आवळू नका. दिसायला रुबाबदार असतं ते, मान्य. पण गायनाचे बहुतेक माइक मागचा आवाज नाकारायला बनवलेले असतात, आणि त्यासाठी लागणारी वाट जाळीच्या मागच्या भागातून जाते. ती बुजवली की माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो. आधी मॉनिटरचं.

(दृश्य : गायिका पिशवीतून स्वतःचा माइक काढते. तंत्रज्ञ तो हातात घेऊन उलटसुलट बघतो.)

ती स्वतःचा माइक घेऊन आली आहे. याबद्दल काही तंत्रज्ञ नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अनोळखी जागी तेवढी एक ओळखीची वस्तू तिच्या हातात राहते. फक्त माइक कुठल्या जातीचा आहे ते बघून घ्यायला हवं. शुअर कंपनीचा एसएम 58 हा 1966 पासून रंगमंचावर असलेला माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे ठीक पाठीमागे सगळ्यात बहिरा. त्याच्यासाठी मॉनिटर सरळ समोर ठेवला की काम झालं. सुपरकार्डिऑइड माइकचं तसं नाही. त्याला ठीक मागचं थोडं ऐकू येतं. तो सर्वांत बहिरा असतो तो तोंडापासून साधारण 125 अंशांवर, दोन्ही बाजूंना तिरका. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, तर दुपारभर केलेली मेहनत शिट्टीत जाते.

इथे तंत्रज्ञानं तिला यातलं काहीही सांगितलं नाही. ‘छान माइक आहे’ म्हणाला आणि मॉनिटर पायानं हातभर डावीकडे सरकवला.

(दृश्य : गायिका गाते, थांबते, कपाळाला आठी. संवादाचा आवाज.)

‘दादा, काहीतरी... कोंडल्यासारखं वाटतंय.’

आता या वाक्याला हसायचं नाही. तिला हर्ट्‌झ, म्हणजे सुराच्या उंचीचं माप, माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. तिला आवाज माहीत आहे. ‘कोंडल्यासारखं’, ‘घुमतंय’ म्हटलं की हात बहुधा 200 ते 400 हर्ट्‌झकडे जातो. ‘टोचतंय’, ‘कानात घुसतंय’ म्हणजे बहुधा 2 ते 4 किलोहर्ट्‌झ. ‘स’ आणि ‘श’ फुसफुसतात असं म्हणाली तर त्याच्याही वर. अंदाजच हा, पण अंदाज घ्यायला शब्द तिचेच वापरायचे. तंत्रज्ञ थोडं कमी करतो आणि विचारतो, ‘मोकळं झालं का जरा?’ तिचाच शब्द, उलटा करून. ‘अडीचशेला तीन डीबी कट दिलाय’ असं तो म्हणाला असता, तर ती पुन्हा ‘हो’ म्हणाली असती.

कानात घालायचे इअर मॉनिटर असले तर वेगळीच कथा. शिट्टीचा प्रश्न मिटतो, पण ज्याला सवय नाही त्याला एकदम एकटं वाटतं. प्रेक्षक नाहीत, सभागृह नाही, हाडांतून येणारा स्वतःचा आवाज डोक्यात घुमतोय. मग एक कान काढला जातो. आणि उरलेल्या कानातला आवाज वाढवून मागितला जातो. इथे तंत्रज्ञानं सावध व्हायला हवं. कामाच्या जागी कान सांभाळण्यासाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस आहे 85 डेसिबल, दिवसाला फार तर आठ तास. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी. या हिशेबानं 100 डेसिबलला 15 मिनिटं. म्हणून कान काढावासाच वाटू नये यासाठी प्रेक्षकांच्या बाजूला एकदोन माइक लावून तिथली कुजबुज थोडीशी तिच्या कानात सोडतात. तरीही रुळत नसेल, तर तासाभरापुरती सक्ती कशाला? साधा मॉनिटर आणावा.

(दृश्य : मिक्सरच्या डिजिटल पडद्यावर ‘सेव्ह’चा संदेश. तंत्रज्ञाचा हात गेनच्या बटणावरून मागे येतो.)

सगळं जमलं. आता सगळ्यात अवघड काम : हात मागे घेणं.

मॉनिटरला जाणारा आवाज मिक्सरवर सहसा फेडरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणाच्या, आधीच घेतलेला असतो. म्हणजे कार्यक्रमात तंत्रज्ञानं प्रेक्षकांसाठी फेडर वरखाली केला, तरी तिच्या मॉनिटरमध्ये फरक पडत नाही. गेनचं तसं नाही. गेन सगळ्यांच्या आधी येतो. तो हलवला की तिच्या पायाखालची जमीनच हलते. एकदा पहिल्या आलापात मला प्रेक्षकांकडे आवाज कमी वाटला आणि मी सवयीनं गेनला हात लावला. गायकानं डोळे उघडले. माइक ओरडला नव्हता, काही तुटलं नव्हतं, फक्त दुपारी ठरलेलं आता तसं राहिलं नव्हतं. पुढची वीस मिनिटं तो गाण्याबरोबर मॉनिटरचंही ऐकत राहिला.

आणि आणखी एक, जे आधीच सांगून ठेवलेलं बरं. रिकामं सभागृह आणि भरलेलं सभागृह या दोन वेगळ्या जागा आहेत. माणसं, त्यांचे कपडे आवाज पितात, विशेषतः वरच्या पट्टीतला. दुपारी भिंतींवरून परत येणारी झळाळी संध्याकाळी नसेल. हे माहीत नसलं की पाहुण्याला वाटतं, कोणीतरी मागाहून सेटिंग बदललं.

(दृश्य : दोघं रंगमंचाच्या कडेला उभे. ती बोट वर करते, तो मान हलवतो. ती तळवा आडवा धरते, तो पुन्हा मान हलवतो.)

खुणा ठरतायत. आधी ज्याचं हवं त्याच्याकडे बोट, मग वर किंवा खाली. तळवा आडवा म्हणजे ठीक आहे, काही करू नका. पाच खुणा ठरवल्या तर ऐन वेळी एकही आठवत नाही, म्हणून तीनच. तो तिला हेही सांगतो की पहिलं गाणं संपेपर्यंत त्याची नजर तिच्यावरून हलणार नाही.

(दृश्य : संध्याकाळ. भरलेलं सभागृह. गायिका गातेय. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तबल्याकडे बोट, मग खाली. मिक्सरवर एक बोट फिरतं. तळवा आडवा. त्यानंतर ती मिक्सरकडे बघत नाही.)

(इथे निवेदन नाही. गाणं दीड मिनिट तसंच चालू द्यावं.)

(दृश्य : कार्यक्रमानंतर. गायिका माइक पिशवीत ठेवतेय. तंत्रज्ञ तिला एक चिठ्ठी देतो.)

पुढच्या गावी पुन्हा अनोळखी रंगमंच, अनोळखी माणूस. तिथे ती काय सांगणार? म्हणून तो लिहून देतो. चिठ्ठीवर चार ओळी आहेत.

माझा आवाज आधी. मग पेटी. तबला अगदी कमी.
माइक सुपरकार्डिऑइड, मॉनिटर बाजूला तिरका.
कोंडल्यासारखं म्हटलं तर 250 हर्ट्‌झ थोडा कमी करावा.
मागितल्याशिवाय काही वाढवू नये.