ईसीजीच्या पट्टीवरची वळणं

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाची ना कुणाची दवाखान्याची फाइल असतेच आणि तिच्यात बारीक चौकोनांच्या कागदावर काढलेली ईसीजीची पट्टीही असते. ती आज हातात घेऊन बसा. आपण निरोगी हृदयाच्या पट्टीबद्दल बोलणार आहोत.

आधी चौकोन. कागद मशीनमधून सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यामुळे एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद, आणि असे पाच मिळून होणारा मोठा चौकोन म्हणजे 0.2 सेकंद. पुन्हा सांगतो, पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. आडवं मोजाल तो वेळ. उभं मोजाल तो विजेचा दाब, दहा बारीक चौकोन चढलं की एक मिलिव्होल्ट.

आता डावीकडून वाचू. पहिला बुटका, गोलसर उंचवटा ही पी लहर. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो. तिथून निघालेली विद्युतप्रेरणा दोन्ही वरच्या कप्प्यांत पसरते, त्याची ही खूण. रुंदी तीन बारीक चौकोनांच्या आत.

मग रेघ सपाट होते. लोक लाटा बघतात आणि ही सपाट जागा ओलांडून जातात. माझं मत विचाराल तर खरी मौज इथेच आहे. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड आहे, तिथे प्रेरणा क्षणभर अडवली जाते. तेवढ्या वेळात वरचं रक्त खाली उतरतं. पंगतीत सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, तसंच हे. पी सुरू होते तिथपासून पुढचा उंच सुळका सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे पीआर. ते तीन ते पाच बारीक चौकोन असावं. लक्षात ठेवा, तीन ते पाच.

आणि मग तो सुळका, क्यूआरएस. खालचे दोन मोठे कप्पे आकुंचन पावण्याआधी त्यांच्यात वीज पसरते, त्याची ही नोंद. हाही तीन बारीक चौकोनांच्या आत हवा. यातलं उंच टोक म्हणजे आर. या आरची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हॉलंडमधलं लायडन शहर, साल 1905. तिथल्या विद्यापीठात विलेम आइंटहोवेन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनीच दिलेली. हृदयाची वीज टिपणाऱ्या त्यांच्या यंत्राचा जीव होता एका तंतूत. केसाहून कितीतरी बारीक, क्वार्ट्झचा, वरून चांदीचा मुलामा. असा तंतू ओढायचा कसा? वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला चिकटवायचं आणि बाण सोडायचा! मागे जो धागा ताणला जाई, तो उचलून घ्यायचा. तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगला की हृदयाच्या इवल्याशा विजेने हलायचा आणि त्याची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर उमटायची. तंतू हा एवढासा, पण यंत्राचं वजन सुमारे 270 किलो. चालवायला पाच माणसं, चुंबक तापू नये म्हणून पाण्याची सोय.

असं यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी नेणार कसं? रुग्णालय प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटरवर. आजारी माणसाला हलवायचं नाही, यंत्र हलत नाही. आइंटहोवेननी दोन्ही इमारतींमध्ये टेलिफोनसारखी तार टाकली. रुग्णालयात माणूस बसायचा, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून. आणि दीड किलोमीटरवर अंधाऱ्या खोलीत त्याच्या हृदयाची सावली काचेवर उतरायची!

22 मार्च 1905. तारेवरून पहिली नोंद घ्यायची होती, त्यासाठी निवडला धडधाकट, निरोगी माणूस. तो प्रयोगशाळेतून रुग्णालयात गेला सायकलवरून. भांड्यांत हातपाय घालून बसला, तिकडे तंतू हलला आणि पट्टीत आरची टोकं उंच आली. का, तर स्वारी नुकतीच सायकल मारून आली होती, असा त्याचा अर्थ लावला गेला. जगातल्या त्या पहिल्या दूरच्या कार्डिओग्रामवर सायकलचीही सही आहे. आपल्या शाळांच्या आवारातल्या सायकलींच्या रांगा गेल्या आणि फाटकाशी गाड्यांची गर्दी आली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना सायकल द्या हो! असो. आइंटहोवेनना 1924 चं नोबेल मिळालं. आज तालुक्याच्या गावी काढलेली पट्टी मोबाइलवरून शहरातल्या हृदयतज्ज्ञाकडे जाते, तिचं मूळ त्या तारेत आहे.

वेळ थोडा उरलाय, पुढचं भरभर सांगतो. सुळक्यानंतरची रेघ, एसटी, साधारण मूळ पातळीवर असावी. पाठोपाठ रुंद, गोलसर टी लहर, म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सावरताहेत. क्यूच्या, म्हणजे सुळक्याच्या, सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर क्यूटी. नाडी नेहमीच्या गतीने चालू असेल तर ते दोन आरमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असतं. आणि दोन आरमध्ये मोठे चौकोन किती ते मोजा, 300 ला त्या आकड्याने भागा. चार चौकोन असतील तर मिनिटाला 75 ठोके. तरुण मुलांमध्ये श्वासाबरोबर हे अंतर थोडं कमीजास्त होतं, तो आजार नव्हे.

एक गोष्ट दोनदा सांगतो. छातीत दुखत असताना पहिली पट्टी नॉर्मल आली म्हणून घरी निघून जाऊ नका. पहिली पट्टी नॉर्मल आली तरी थांबा. डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते सांगणारी रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात, ती होऊ द्या. पट्टीच्या वरच्या बाजूला मशीनने छापलेल्या शब्दावर जाऊ नका, डॉक्टरांना रेघ वाचू द्या.

आणि जुनी पट्टी फेकू नका. नवी आली की डॉक्टर आधी जुनीच मागतात. हा कागद बहुधा उष्णतेने छापला जाणारा असतो, काही वर्षांत फिका पडतो. लॅमिनेशन करायला गेलात तर गरम होऊन काळा पडेल. झेरॉक्स काढा, तारीख लिहा, त्या दिवशी काय त्रास होत होता तेही लिहा, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.